राबाशिवाय भात

वैशाखात अलिबाग, पेण, मुरूड या तालुक्यांतून फिरणाऱ्यास खाचरांच्या कडेने धुराच्या पट्ट्या दिसतात. तो राब होय. रोपासाठी राखलेल्या जागेवर प्रथम शेण, त्यावर ऐन-किंजळीचा टहाळ, मग गवत व पातेरा आणि सर्वांवर बारीक मातीचा थर पसरून ते सावकाश भाजावयाचे, ही कोकणातील फार जुनी वहिवाट आहे. रायगड जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. त्या काळाच्याही पूर्वी, ब्रिटिश अमदानीत, जंगलातील टहाळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांत इतका असंतोष माजला की सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला.

राब भाजणाऱ्यास अडाणी म्हणणे हा अन्याय ठरेल. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, चिकण माती भुसभुशीत होते व रोप सहज उपटता येते. परंतु त्यासाठी द्यावी लागणारी किंमत मोठी आहे. शेणातील नत्र व सेंद्रिय द्रव्य धुराबरोबर निघून जाते, वरकस जमिनीवरील झाडे बोडकी होतात आणि घरातील स्त्रियांचे कित्येक दिवस डोक्यावरून भारे वाहण्यात जातात. जो कर्ब जमिनीत मुरावयाचा, तो वायू होऊन वर जातो.

हवेतील कर्बवायू वाढल्याने पृथ्वी तापत आहे, हे आता सर्वश्रुत आहे. भारताने २०७० पर्यंत आपले निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत जाहीर केला. या उष्णतेस भातशेतीही थोडा हातभार लावते. चिखलात पाणी दीर्घकाळ साचून राहिले म्हणजे हवेवाचून जगणारे सूक्ष्मजंतू मिथेन वायू तयार करतात आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. तथापि हवा बिघडविण्यात मोठा वाटा श्रीमंत राष्ट्रांच्या कोळशाचा व तेलाचा आहे. चार खाचरांच्या धन्याला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. जगाच्या भल्यासाठी पद्धत बदला, असे त्यास सांगूही नये. मजुरी वाचत असेल आणि जमीन सुधारत असेल, तरच तो बदलेल, आणि तेच योग्य आहे.

तसा मार्ग याच जिल्ह्यात सापडला आहे. किनाऱ्यापासून आत, माथेरानच्या पायथ्याशी नेरळजवळील सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात राब नाही, रोपवाटिका नाही, चिखलणी नाही व लावणीही नाही. एकदाच गादीवाफे करावयाचे व ते पुढे कित्येक वर्षे मोडावयाचे नाहीत. लोखंडी साच्याने वाफ्यावर २५ सेंटिमीटर अंतराने भोके पाडून प्रत्येकात तीन-चार दाणे टोकावयाचे. कापणी झाल्यावर बुडखे व मुळे जमिनीतच ठेवावयाची आणि नांगर न घालता त्याच वाफ्यावर वाल किंवा दुसरे रब्बी पीक टोकावयाचे.

या पद्धतीचे मर्म त्या मुळांत आहे. ती जागच्या जागी कुजली म्हणजे जमिनीत बारीक नळ्या राहतात. त्यांतून हवा व पाणी खाली उतरते, गांडुळे वाढतात आणि कर्ब जमिनीतच राहतो. चिखलणीने मोकळी झालेली माती कोकणच्या मुसळधार पावसात ओढ्याला जाते. न नांगरलेली माती तशी सहजी सुटत नाही. वाफ्यांवर पाणी तुंबत नसल्याने मिथेनही कमी निर्माण होतो. मुंबई-पनवेलकडे तरुण माणसे गेल्यामुळे ज्या गावांत लावणीस माणूस मिळत नाही, तेथे मजुरीची बचत हाच पहिला लाभ समजावा.

मात्र तणाचा प्रश्न सोपा नाही. चिखलणी व लावणी गेली की तण उफाळते, आणि प्रथम वर्षी निराश होऊन पद्धत सोडण्याचा मोह होतो. या तंत्रात तणनाशकाचा आधार घेतला जातो. त्यांपैकी ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र शासनाने २०२२ साली निर्बंधाचा आदेश काढला असल्याने, कृषी अधिकाऱ्यास विचारल्यावाचून ते फवारू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रारंभीच सांगावे; नफ्याची बाजू तेवढी सांगणाऱ्यावर शेतकरी दुसऱ्यांदा विश्वास ठेवीत नाही. प्रथम दोन-चार गुंठ्यांवरच प्रयोग करावा. ज्यांना लावणी सोडावयाची नाही, त्यांनी निदान राब सोडावा आणि कुजलेले शेणखत घालून गादीवाफ्यावर रोपे करावीत. १९५३ पासून जपानी भातशेतीच्या प्रसारात हीच शिकवण होती. गोठ्यात दोन-तीन जनावरे असल्यास त्यांचे शेण लहान गोबरगॅस संयंत्रात घालावे. चुलीचे सरपण वाचते आणि उरलेली स्लरी वाफ्यांना मिळते.

खारजमिनीचे शास्त्र निराळे. तेथे चिखलणीने खालचा क्षार वर येतो, म्हणून मोड आलेले बी फेकण्याची रहू पद्धत पूर्वजांनी स्वीकारली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, त्या घ्याव्या. येथे कर्बाचा खरा साठा बांधाबाहेर, कांदळवनाच्या चिखलात आहे. हे वन लाटांचा मारा स्वतः झेलून बांधाचे रक्षण करते, म्हणून सरपणासाठी त्यास हात लावू नये.

परंतु बांध फुटून खारे पाणी शेतात राहिले, तर त्याबरोबर आलेले कांदळाचे बी शेतातही रुजते आणि काही वर्षांत तेथे दाट झाडी होते. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी केली असल्याने, शेत मग शेतकऱ्याच्या हाती परत येत नाही. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यातील हे दुखणे खरे आहे. खांड पडल्याचे दिसताच खारभूमी विभागास लेखी कळवावे, अर्जाची पोच घ्यावी, आणि उघाडीच्या झडपा पावसापूर्वी गावकऱ्यांनी एकत्र जाऊन पाहाव्या.