गल्ली नंबरांचं धुळे, रुळांकाठचं जळगाव

जुन्या धुळेकराला पत्ता विचारला, तर उत्तर आकड्यात येतं. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. आपोआप वाढलेल्या गावात गल्ल्यांना सहसा नंबर नसतात. कुणीतरी आधी कागदावर रेघा मारल्या आणि मग घरं उठली, तर असे नंबर पडतात.

धुळ्यात त्या रेघा 1819 नंतर मारल्या गेल्या. खानदेश नुकताच इंग्रजांकडे आला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं, तेव्हा इथं चारशेच्या आसपास घरं आणि अडीच हजारांची वस्ती होती. त्यानं बऱ्हाणपुराहून आणि इतर ठिकाणांहून व्यापारी, कारागीर बोलावले आणि त्यांना जागा दिल्या. सरळ रस्त्यांची नवी पेठ जुन्या गावठाणाशेजारी उभी राहिली. ‘जुने धुळे’ हे नाव आजही त्या फरकाची आठवण देतं.

या आखणीचं श्रेय धुळेकर प्रेमानं सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना देतात, पण सनावळी जुळत नाही. त्यांचा जन्मच 1861 चा. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते 1884 मध्ये रुजू झाले, सुरुवातीच्या वर्षांतच धुळ्याला आले आणि पांझरा नदीच्या खोऱ्यात त्यांनी पाइपचा सायफन बांधला. त्यांचं इथलं काम पाण्याचं होतं. ब्रिग्जनं जमीन आखली आणि साठेक वर्षांनी विश्वेश्वरय्या पाण्यामागे आले. शहराच्या आराखड्यात मुळात असतं काय, असं कुणी विचारलं तर मी हीच दोन नावं सांगेन.

जळगावला असा ब्रिग्ज भेटला नाही. त्याला रेल्वे आणि कापूस भेटला. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची बाजारपेठ फुगली. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्वेचं ठाणं जळगावला आलं. पोलन पेठ इंग्रज कलेक्टरच्या नावानं वसली, पण एकंदर शहर बाजाराच्या गरजेनं सरकत गेलं. त्याची किंमत आजही मोजावी लागते. रुळांनी शहराचे दोन तुकडे केले आहेत, त्यामुळे शिवाजीनगरचा पूल आणि पिंप्राळ्याचं फाटक हे बराच काळ इथल्या रोजच्या बोलण्यातले विषय राहिले. महामार्ग एकेकाळी गावाबाहेर होता, शहर त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलं आणि शाळेच्या सायकली नि ट्रक एकाच डांबरावर आले. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना वर्षानुवर्षं आंदोलन करावं लागलं. ती पट्टी आधीच नकाशावर राखली असती, तर किती जीव वाचले असते हा विचार मनातून जात नाही.

आता ‘स्मार्ट’ शब्दाकडे येऊ. केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन 25 जून 2015 रोजी सुरू झालं आणि 31 मार्च 2025 रोजी संपलं. शंभर शहरांत महाराष्ट्राची आठ होती: पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, तेव्हाचं औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवड. धुळे नव्हतं, जळगावही नव्हतं. दोन्हीकडे याची खंत अजून ऐकू येते. पण मिशनचा बराचसा पैसा शहराच्या एका निवडक भागावर खर्च व्हायचा होता. पुण्यानं औंध-बाणेर-बालेवाडी निवडलं. सगळ्या शहराची जमीन कशी वापरायची, हे त्या मिशननं कधीच ठरवलं नाही. आपल्या दोन शहरांना त्याच दिवशी सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेतून नळाची आणि गटाराची कामं मिळाली. नळाला अजून काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरांची पहिली गरज तीच होती.

सगळ्या शहराची जमीन ठरवणारा कागद वेगळा आहे: विकास आराखडा, बोलीभाषेत ‘डीपी’. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 हा त्याचा कायदा. आधी महापालिका इरादा जाहीर करते. मग आज कुठं काय आहे, याचा विद्यमान जमीन वापर नकाशा होतो. त्यावर पुढची वीसेक वर्षं मांडून प्रारूप प्रसिद्ध होतं. नागरिकांना हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी सरकार मंजुरी देतं. वाचायला रुक्ष आहे, पण तुमच्या घरामागे मैदान येणार की बाजार, हे इथंच ठरतं.

आणि ठरलेलं टिकतं का? इथं कलम 127 नीट समजून घ्यायला हवं. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या गटावर बागेचं आरक्षण पडलं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत महापालिकेनं ती जागा घेतली नाही, तर तो नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. शेतकऱ्यावर अन्याय नको म्हणून हे कलम आहे आणि ते योग्यच आहे. दहा वर्षं ना मोबदला, ना बांधकामाची मोकळीक, असं कुणी किती काळ सोसावं? पण तिजोरी रिकामी असलेल्या महापालिकेत याच वाटेनं बागा, शाळा, दवाखाने नकाशावरून एकेक करून पुसले जातात. म्हणून आरक्षणासोबत त्याच्या पैशाची तरतूद वर्षवार मांडली नसेल, तर मी त्या आराखड्याला अर्धाच म्हणेन.

हाताशी काय आहे ते आधी मोजून मग वाटणी करायची, अशी मांडणी खानदेशाला परकी नाही. पांझरेवर शतकांपासून फड पद्धती चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड. कुठल्या फडात यंदा कुठलं पीक, हे सगळे मिळून ठरवत. एकेका शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे, त्यामुळे टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा एकाच घरावर पडत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी किती आहे ते आधी बघायचं, मग जमीन वाटायची. आपले आजचे आराखडे बहुतेकदा उलट चालतात. आधी वस्ती मंजूर होते, मग धुळ्यासाठी अक्कलपाड्याकडे आणि जळगावसाठी वाघूर धरणाकडे पाहिलं जातं.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. 1872 मध्ये पांझरेच्या पुरानं धुळ्याची मोठी हानी केली होती. आता नदीकाठी दोन पूररेषा आखतात: साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोहोंच्या मध्ये अटींसह. नदीला निदान या रेषा मिळतात. नाल्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. खानदेशातली काळी माती पावसात फुगते, पाणी झिरपायला वेळ घेते, आणि मोठी सर आली की सारा भार नाल्यांवर येतो. उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या या शहरांत सावलीची झाडं धरायलाही हेच नाल्यांचे काठ उपयोगी पडतात.

तेव्हा पुढचं प्रारूप प्रसिद्ध झालं की नगररचना कार्यालयात जा. सातबाऱ्यावरचा किंवा ले-आउटमधला आपला गट नंबर शोधा. मग आपल्या वस्तीतून पावसात वाहणारा नाला नकाशावर आहे का, ते बोट ठेवून बघा. नसेल तर 30 दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, सोबत पावसाळ्यातला फोटो जोडा आणि पोच घ्या. सुनावणीला एकटे जाऊ नका, गल्लीतली चार माणसं बरोबर न्या.