साके आणि वाशी : जपानमधील दोन हिवाळी हस्तव्यवसाय आणि एका दिवसाची अभ्यासभेट

सारांश : जपानमध्ये पारंपरिक साके-निर्मिती आणि हातकागद-निर्मिती या दोन व्यवसायांची ओळख एकाच दिवसात करून देणाऱ्या मार्गदर्शित भेटी आयोजित केल्या जातात. प्रस्तुत लेखात सैतामा प्रांतातील ओगावा या नगराच्या आधारे अशा भेटीत दिसणाऱ्या प्रक्रियांचे स्पष्टीकरण केले आहे. हे दोन्ही व्यवसाय थंडी, पाणी आणि शेतीतील विसाव्याचा काळ या एकाच पायावर उभे आहेत. तसेच अभ्यागताला जे दाखविले जात नाही, त्यावरच त्यांचे भवितव्य अवलंबून आहे. हे दोन मुद्दे लेखात मांडले आहेत.

बीजसंज्ञा : साके, कोजी, वाशी, कोझो, अमूर्त सांस्कृतिक वारसा, सांस्कृतिक पर्यटन.

प्रस्तावना

टोकियोच्या वायव्येस, इकेबुकुरो स्थानकापासून रेल्वेने सुमारे सव्वा तासाच्या अंतरावर ओगावा हे डोंगरांनी वेढलेले लहानसे नगर आहे. त्सुकी नदी या नगरातून वाहते. हातकागद आणि साके या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जाते. येथील मात्सुओका ही साकेशाळा १८५१ मध्ये, तर सेइउन ही १९०२ मध्ये स्थापन झाली. ओगावा आणि शेजारचे हिगाशी-चिचिबु या गावांत तयार होणाऱ्या कागदाला 'होसोकावा-शी' म्हणतात. हे नाव मुळात की प्रांतातील कोया पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या होसोकावा या गावाचे आहे. तेथील कागदाची पद्धत इकडे आली आणि नावही तिच्याबरोबर आले.

या दोन्ही व्यवसायांना आज जागतिक मान्यता लाभली आहे. २०१४ मध्ये युनेस्कोने जपानी हातकागदाच्या कारागिरीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यात होसोकावा-शीबरोबर शिमाने प्रांतातील सेकिशु-बान्शी आणि गिफु प्रांतातील होन-मिनोशी हे कागदप्रकार आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये कोजी बुरशीच्या साहाय्याने साके तयार करण्याच्या पारंपरिक ज्ञानालाही याच यादीत स्थान मिळाले. त्यामुळे दोन्ही व्यवसाय एका दिवसात पाहू इच्छिणाऱ्याला ओगावासारखे ठिकाण विशेष सोयीचे ठरते. परंतु असा दिवस नेमके काय शिकवितो, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा.

समान पाया : थंडी, पाणी आणि शेतीतील विसावा

मद्य आणि कागद यांचा परस्परांशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एन्गिशिकी' या राजकीय नियमसंहितेत दरबाराच्या मद्यखात्यातील साके-निर्मितीचे आणि ग्रंथखात्यातील कागद-निर्मितीचे असे दोन्हींचे तपशील नोंदविलेले आहेत. राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने देवतांना अर्पण करावयाचे मद्य आणि लेखनासाठीचा कागद या दोन्ही आवश्यक वस्तू होत्या.

पुढील काळात हे दोन्ही व्यवसाय ग्रामीण जीवनात रुजले ते हिवाळ्यामुळे. भाताची कापणी आटोपली की शेतकऱ्याच्या हाताला काम उरत नसे. बर्फाळ प्रदेशांतील शेतकरी 'कुराबितो' म्हणून, म्हणजे साकेशाळेतील कामगार म्हणून, घर सोडून जात आणि वसंतात परतत. त्यांच्या प्रमुखास 'तोजी' म्हणतात. नान्बु, एचिगो आणि तान्बा येथील तोजींच्या परंपरा विशेष प्रसिद्ध आहेत. डोंगराळ भागातील, जेथे भातशेती तोकडी होती तेथील, कुटुंबे याच महिन्यांत कागद करीत. थंडीत उपद्रवी जंतूंची वाढ मंदावते, ही गोष्ट मद्य आणि लगदा या दोहोंच्या पथ्यावर पडते. अशा प्रकारे निसर्गाची गरज आणि शेतकऱ्याची गरज एकाच ऋतूत येऊन मिळाल्या.

सकाळचे सत्र : साकेशाळा

साकेशाळेच्या दारावर सायप्रसच्या कुळातील 'सुगी' वृक्षाच्या डहाळ्यांचा एक मोठा गोल टांगलेला असतो. नवे मद्य तयार झाले की हिरवागार गोल लावतात. पुढे तो तपकिरी होत जातो आणि मद्य मुरत असल्याचे पाहणाऱ्यास सांगतो. आत जाण्यापूर्वी अभ्यागतांना एक सूचना पाळावी लागते. ती म्हणजे त्या दिवशी 'नात्तो' हा आंबविलेल्या सोयाबीनचा पदार्थ खाऊन येऊ नये. नात्तोतील जिवाणू अतिशय चिवट असतात आणि ते कोजीत शिरल्यास सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

पहिली पायरी तांदूळ सडण्याची. तांदळाच्या दाण्याच्या बाहेरील थरात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ अधिक असतात आणि त्यांमुळे मद्याची चव बिघडते. म्हणून दाणा घासून लहान केला जातो. 'गिन्जो' या प्रकारासाठी मूळ दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी आणि 'दाइगिन्जो'साठी ५० टक्के किंवा त्याहून कमी भाग शिल्लक ठेवावा लागतो. याचा अर्थ असा की, उत्तम साकेसाठी निम्मा तांदूळ भुकटीच्या रूपाने बाजूला काढला जातो. १९३६ मध्ये नामकरण झालेला 'यामादा-निशिकी' हा तांदळाचा वाण यासाठी नावाजलेला आहे. त्याच्या दाण्याच्या गाभ्यात पांढरा, सच्छिद्र पिष्टमय भाग असतो आणि बुरशीचे तंतू त्यात सहज शिरतात.

धुतलेला, भिजविलेला आणि वाफविलेला तांदूळ लाकडी भिंतींच्या उबदार खोलीत नेला जातो. बाहेर पाणी गोठत असताना या खोलीत सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान राखलेले असते. तेथे भातावर 'ॲस्परजिलस ओरायझी' या बुरशीचे बीजाणू भुरभुरतात. पुढील सुमारे दोन दिवस, रात्रीसुद्धा उठून, भात हाताने मोकळा करावा लागतो, कारण बुरशी वाढताना स्वतःच उष्णता निर्माण करते. तयार झालेल्या या भातास 'कोजी' म्हणतात. या बुरशीचे महत्त्व इतके मानले जाते की, जपानच्या मद्यनिर्मितीविषयक शास्त्रीय संस्थेने २००६ मध्ये तिला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून घोषित केले.

कोजीचे कार्य समजून घेणे हाच सकाळच्या सत्राचा गाभा होय. द्राक्षांत साखर मुळातच असते, त्यामुळे किण्व थेट कामास लागते. बिअरमध्ये आधी मोड आलेल्या जवातील पिष्टाची साखर करतात आणि नंतर किण्वन घडवितात. साकेमध्ये मात्र या दोन्ही क्रिया एकाच पिंपात एकाच वेळी चालतात. कोजीतील विकरे पिष्टाची साखर करीत असतात आणि किण्व त्याच वेळी त्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करीत असते. साखर एकदम साठत नाही, म्हणून किण्वावर ताण येत नाही. परिणामी केवळ किण्वनाने सुमारे २० टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिळतो. बाटलीत भरताना पाणी मिसळून तो साधारणतः १५-१६ टक्क्यांवर आणतात.

हे साध्य करण्यासाठी प्रथम किण्वाची दाट वाढ असलेले विरजण, म्हणजे 'मोतो', तयार करतात. जुन्या 'किमोतो' पद्धतीत हवेतील व वास्तूतील दुग्धाम्ल जिवाणूंना आपोआप वाढू देत आणि त्यास सुमारे महिना लागे. १९१० च्या सुमारास दुग्धाम्ल बाहेरून घालण्याची पद्धत आली आणि हा काळ सुमारे दोन आठवड्यांवर आला. त्यानंतर विरजणात कोजी, भात आणि पाणी चार दिवसांत तीन वेळा वाढवीत नेतात. दुसऱ्या दिवशी काहीच घालत नाहीत, किण्वास विसावा देतात. मग तीन ते पाच आठवड्यांच्या मंद किण्वनानंतर मद्य गाळून घेतात. ते टिकावे म्हणून सुमारे ६० ते ६५ अंशांपर्यंत तापविण्याची पद्धत सोळाव्या शतकातील एका बौद्ध मठाच्या रोजनिशीत आढळते. लुई पाश्चरच्या प्रयोगांच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीची ही नोंद आहे.

दुपारचे सत्र : कागदशाळा

होसोकावा-शी केवळ 'कोझो' या तुतीच्या कुळातील झुडपाच्या सालीपासून करतात. या सालीचे तंतू सुमारे १० मिलिमीटर लांब असतात. लाकडी लगद्यातील तंतूंच्या तुलनेत ही लांबी कितीतरी अधिक आहे आणि कागदाची चिवट ताकद तिच्यातूनच येते. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथील व्यापारी आपल्या खातेवह्यांसाठी हा कागद वापरीत. आग लागली की वह्या विहिरीत टाकीत आणि नंतर काढून वाळवीत, असे सांगितले जाते. याच ताकदीचा उपयोग १९४४-४५ मध्ये युद्धासाठीही झाला. पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेकडे सोडलेल्या बॉम्बवाहू फुग्यांसाठी ओगावाच्या परिसरात कागद तयार करण्यात आला होता. कारागिरीच्या इतिहासात हेही प्रकरण नोंदविले पाहिजे.

पाने गळाल्यावर कोझोच्या फांद्या तोडतात, वाफवितात आणि साल सोलतात. वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडून काढतात. आतील पांढरी साल अल्कधर्मी पाण्यात शिजवितात. पूर्वी त्यासाठी लाकडाची राख वापरीत. त्यानंतर येते 'चिरितोरी', म्हणजे थंड पाण्यात बसून सालीतील एकेक डाग, गाठ आणि कण बोटांनी वेचणे. रासायनिक विरंजन वर्ज्य असल्याने कागदाचा शुभ्रपणा या वेचण्यावरच अवलंबून असतो. मग साल कुटून तंतू मोकळे करतात. शंभर किलो फांद्यांतून अखेरीस जेमतेम चार-पाच किलो कागद हाती येतो.

हे तंतू पाण्याच्या कुंडात सोडून त्यात 'नेरी' मिसळतात. नेरी हा 'तोरोरो-आओई' या भेंडीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस होय. तो तंतूंना चिकटवीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. त्याचे काम पाणी दाट करून तंतूंना तळाशी बसू न देणे आणि चाळणीतून पाणी सावकाश निथळू देणे हे आहे. म्हणूनच कारागीर बांबूच्या बारीक काड्यांची चाळणी पुढेमागे आणि आडवी हलवून पातळ थरांवर थर चढवू शकतो आणि जादा पाणी झटक्याने बाहेर फेकू शकतो. या पद्धतीस 'नागाशिझुकी' म्हणतात. ओले ताव मध्ये कापड न घालता एकावर एक रचतात. हळूहळू दाबून पाणी काढले की ते न फाटता सुटे होतात. उष्णतेने नेरीचा चिकटपणा नाहीसा होतो. कागद हिवाळ्यातच का करीत, याचे उत्तर येथे मिळते.

शेवटी ताव लाकडी फळ्यांवर पसरून उन्हात वाळवितात. हिवाळ्यातील स्वच्छ उन्हाच्या दिवसाला ओगावात 'पिक्कारी सेनऱ्यो' म्हणत. ऊन चमकले की हजार ऱ्यो, म्हणजे हजार सुवर्णमुद्रा, असा त्याचा आशय आहे.

जे दाखविले जात नाही

अभ्यागतास दुपारी चाळणी हाती धरण्याची संधी मिळते. हिगाशी-चिचिबु येथील 'वाशी नो सातो', म्हणजे 'कागदाचे गाव', या ठिकाणी हा अनुभव घेता येतो. दोन-तीन प्रयत्नांत बऱ्यापैकी ताव निघतो आणि आपण कागद 'केला' असे समाधान लाभते. सकाळी साकेचे पेले चाखतानाही असेच काहीसे घडते. वस्तुतः चाळणी उचलणे ही संपूर्ण प्रक्रियेतील एक लहानशी पायरी आहे. उन्हाळ्यात कोझोच्या बगलफुटी वरचेवर खुडल्या नाहीत तर सालीत गाठी पडतात. कोणी सालीतील कण वेचले नाहीत तर कागद डागाळतो. कोणी मध्यरात्री उठले नाही तर कोजी बिघडते. ही कामे नीरस, थंड आणि अदृश्य आहेत, आणि व्यवसायाचा प्राण त्यांतच आहे.

आजचे संकटही नेमके याच अदृश्य पायऱ्यांवर आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये सुमारे ६८,००० कुटुंबे हातकागद करीत होती. आज ती काही शंभरांतच मोजावी लागतात. परदेशी कोझो स्वस्त मिळत असल्याने देशी लागवड घटली आहे. तोरोरो-आओईची लागवड प्रामुख्याने इबाराकी प्रांतातील मोजक्या शेतकऱ्यांवर विसंबून आहे. तेथील वयोवृद्ध उत्पादकांनी २०१९ मध्ये लागवड थांबविण्याचा विचार व्यक्त केला, तेव्हा देशभरातील कागदकारांत चिंता पसरली. साकेचा खप १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शिखरावर होता, आता तो त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. हिवाळ्यात घर सोडून येणारा शेतकरी कामगार दुर्मीळ झाला आहे. त्यातच वाढत्या उष्णतेची भर पडली आहे. भात पिकताना तापमान अधिक राहिल्यास पिष्टाची रचना बदलते, दाणा पिंपात नीट विरघळत नाही आणि तेवढ्याच तांदळातून कमी मद्य मिळते. थंडी आणि शेतीतील विसावा हे दोन्ही आधार अशा प्रकारे एकाच वेळी डळमळू लागले आहेत.

निष्कर्ष

१) साके आणि वाशी हे वेगवेगळे व्यवसाय असले, तरी ते एकाच ऋतुचक्राची आणि एकाच ग्रामीण अर्थव्यवस्थेची अपत्ये आहेत. एकाच दिवसात दोन्ही पाहिल्याने हे नाते स्पष्ट होते.

२) दोन्हींत कारागीर निसर्गातील क्रियांसाठी योग्य परिस्थिती निर्माण करतो आणि मग थांबतो. वेळ साधणे हेच त्याचे मुख्य कौशल्य होय.

३) वारसा-यादीतील नोंद कौशल्याला प्रतिष्ठा देते. परंतु कोझोची झाडे, नेरीची मुळे आणि वेचणारे हात नसतील तर ते कौशल्य निराधार होते.

४) म्हणून मार्गदर्शित भेटीत अभ्यागतास चाळणीबरोबरच थंड पाण्याच्या कुंडाशी अर्धा तास साल वेचावयास बसविणे उपयुक्त ठरेल. हाती येणारी साल मूठभरच असेल, परंतु विकत घेतलेल्या कागदाची किंमत अधिक का असते, हे त्यास कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.