घरगुती विद्युत दिव्यांविषयीचे शासकीय नियम आणि ग्राहकहित

प्रस्तावना

ग्राहक संरक्षणाचा विचार करताना औषधे, खाद्यपदार्थ, विमा, गृहबांधणी हे विषय प्रामुख्याने आपल्यासमोर येतात. विजेचा दिवा ही वस्तू मात्र इतकी नित्याची आणि स्वल्पमोल आहे की तिच्यामागे कायदा, मानके आणि शासकीय धोरण आहे याची जाणीवही सामान्य ग्राहकास सहसा नसते. तथापि गेल्या दोन दशकांत शासकीय हस्तक्षेपामुळे ज्यांचे रूप पूर्णतः पालटले अशा मोजक्या घरगुती वस्तूंत दिव्याचा समावेश करावा लागेल. भारतात जुन्या तंतुदिव्यावर, म्हणजे ज्याला ग्रामीण भागात अजूनही ‘गोळा’ म्हणतात त्या दिव्यावर, देशव्यापी कायदेशीर बंदी आली नाही. शासनाने किमतीच्या मार्गाने नवा दिवा घरोघरी पोहोचविला. या मार्गाने ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य अबाधित राहिले, परंतु दिव्याचा दर्जा पारखण्याचा भार मात्र ग्राहकावरच येऊन पडला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पाश्चात्त्य देशांतील बंदीचा मार्ग

तंतुदिव्यास मिळणाऱ्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के वीज प्रकाशात रूपांतरित होते व उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून अनेक देशांनी किमान कार्यक्षमतेची अट घालून तो बाजारातून हटविला. युरोपीय संघाने सप्टेंबर २००९ मध्ये १०० वॅटच्या दिव्यापासून सुरुवात केली आणि प्रतिवर्षी एक पायरी खाली येत २०१२ मध्ये २५ व ४० वॅटचे दिवेही या अटीखाली आणले. अमेरिकेत २००७ साली ऊर्जा कायदा संमत झाला, परंतु तो ‘शासनाने आमच्या दिवाणखान्यात डोकावू नये’ या राजकीय वादात सापडला. तेथील काँग्रेसने अंमलबजावणीसाठी निधी नाकारला आणि प्रति वॅट ४५ ल्युमेनची किमान अट विक्रेत्यांवर प्रत्यक्ष लागू होण्यास ऑगस्ट २०२३ उजाडले.

या वादात एक गोष्ट सहसा विसरली जाते. तंतुदिव्याची बाजारपेठ कधीच निखळ मुक्त नव्हती. १९२४ साली जिनिव्हा येथे प्रमुख दिवा उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर बांधून टाकले होते व अधिक टिकणारा दिवा बनविणाऱ्या सदस्यास दंड ठोठावला जात असे. ग्राहकाच्या निवडीवर उत्पादकांनी घातलेली ही मर्यादा शासकीय बंदीच्या कितीतरी आधीची आहे.

भारतातील मार्ग : कायदा हाताशी, परंतु भर किमतीवर

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ च्या कलम १४ नुसार विहित मानकांत न बसणाऱ्या उपकरणाचे उत्पादन, विक्री वा आयात रोखण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. याच अधिनियमान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अस्तित्वात आला. म्हणजे बंदीचे शस्त्र शासनाच्या हाती होतेच. ग्रीनपीस या संस्थेने २००७ मध्ये तंतुदिव्यावर बंदीची मागणी करणारी मोहीमही येथे चालविली. तरीही देशपातळीवर हे शस्त्र तंतुदिव्यावर उगारले गेले नाही. त्यामागील व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे. ज्या काळात तंतुदिवा दहा-पंधरा रुपयांत आणि सीएफएल शंभर रुपयांच्या आसपास मिळत होता, त्या काळात बंदी घातली असती तर तिचा पहिला फटका रोजच्या मिळकतीतून दिवा घेणाऱ्या कुटुंबास बसला असता.

म्हणून भर प्रारंभिक किमतीवर राहिला. महाराष्ट्रात भारनियमनाची झळ तीव्र असताना २००५ च्या सुमारास महावितरणने नाशिक येथे वीजबिलातून हप्ते वसूल करून सीएफएल देण्याचा प्रायोगिक उपक्रम राबविला. २००९ मध्ये ब्युरोने ‘बचत लॅम्प योजना’ सुरू केली. तीत जुना दिवा परत देणाऱ्या ग्राहकास १५ रुपयांत सीएफएल मिळे आणि उरलेली किंमत आंतरराष्ट्रीय कार्बन पतपत्रांच्या विक्रीतून वसूल व्हावी, अशी रचना होती. पुढे कार्बन पतपत्रांचे भाव कोसळले आणि योजनेचा आर्थिक पायाच खचला. घराघरातील दिव्याचा हिशेब दूरच्या बाजारातील चढउतारांवर टांगून ठेवण्यातील धोका या अनुभवाने स्पष्ट केला.

५ जानेवारी २०१५ रोजी आरंभ झालेल्या व पुढे ‘उजाला’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या योजनेने हा धोका टाळला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही चार सार्वजनिक ऊर्जा कंपन्यांची संयुक्त संस्था प्रचंड संख्येने एलईडी दिव्यांची निविदा काढी. मागणी मोठी आणि निश्चित असल्यामुळे उत्पादक भाव उतरवीत गेले. २०१४ च्या आरंभी ३१० रुपये असलेला खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत आला. कर व वितरणखर्च धरून ग्राहकास तो सुमारे ७० रुपयांत मिळू लागला. काही राज्यांत वीजबिलातून महिना दहा रुपयांच्या हप्त्यानेही दिला गेला. सुमारे ७७ कोटी तंतुदिवे बदलण्याच्या उद्दिष्टापैकी सुमारे ३६.८ कोटी एलईडी दिवे या योजनेतून थेट वितरित झाले. उरलेले काम खुल्या बाजाराने केले, कारण योजनेच्या दरामुळे बाजारातील दरही खाली ओढले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते हेच या योजनेचे सर्वांत मोठे यश होय. जुलै २०२२ मध्ये एलईडी दिव्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. एका हाताने स्वस्त केलेली वस्तू दुसऱ्या हाताने महाग करण्याचा हा प्रकार ग्राहकहिताशी जुळत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

बचत नेमकी कोणाची ?

बचतीचे जाहिरातीतील आकडे सर्व घरांना सारखेच लागू होतात असे मानले जाते. ते तसे नाहीत. ६० वॅटचा तंतुदिवा रोज पाच तास जळाल्यास महिन्यास ९ युनिट वीज लागते. त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी दिवा वापरल्यास १.३५ युनिट. असे तीन दिवे बदलले तर महिन्यास सुमारे २३ युनिटची बचत होते. ही बचत युनिटमध्ये सर्वत्र सारखी असली तरी रुपयांत नाही.

महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्पानिहाय आहेत. पहिल्या शंभर युनिटपेक्षा १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यातील दर ढोबळमानाने दुप्पट पडतो. समजण्यापुरते हे दर अनुक्रमे सहा आणि अकरा रुपये धरू. महिन्यास १५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची वाचलेली वीज वरच्या टप्प्यातून वजा होते, म्हणून त्याचे सुमारे २५० रुपये वाचतात. ६० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची तीच २३ युनिट खालच्या टप्प्यातून वजा होतात आणि त्याचे १३८ रुपये वाचतात. स्थिर आकार तर दोघांनाही भरावाच लागतो. म्हणजे रुपयांच्या हिशेबात अधिक लाभ अधिक वीज वापरणाऱ्यास होतो. मात्र गरीब कुटुंबाच्या बिलातील दिव्यांचा वाटा मोठा असल्याने प्रमाणाच्या दृष्टीने त्याची बचत लक्षणीय ठरते, आणि सत्तर रुपयांचा दिवा पहिल्या दोन महिन्यांतच आपली किंमत फेडतो. अर्थात तो टिकला तर. सहा महिन्यांत बंद पडणारा दिवा हा सारा हिशेब विस्कटून टाकतो, आणि त्याची झळ कोणत्या घरास अधिक बसते हे वेगळे सांगावयास नको.

वॅट, ल्युमेन आणि विजेचा दाब

अनेक पिढ्यांनी दिवा वॅटवर विकत घेतला. ‘साठचा द्या’, ‘शंभरचा द्या’ ही दुकानातील भाषा होती व वॅट म्हणजेच प्रकाश अशी समजूत त्यातून रूढ झाली. वॅट हे विजेच्या वापराचे मोजमाप आहे. प्रकाशाचे मोजमाप ल्युमेन होय. ६० वॅटचा तंतुदिवा साधारण ७०० ल्युमेन प्रकाश देतो, तर चांगला ९ वॅटचा एलईडी दिवा ९०० ल्युमेनपर्यंत. निकृष्ट ९ वॅटचा दिवा याहून बराच कमी प्रकाश देऊ शकतो. ग्राहकाने केवळ वॅट पाहिले तर त्यास हा फरक कळणारच नाही.

दुसरा मुद्दा ग्रामीण ग्राहकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. तंतुदिव्याचा प्रकाश विजेच्या दाबावर विलक्षण अवलंबून असतो. दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला की प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. सायंकाळी, नेमक्या अभ्यासाच्या वेळी, कंदिलासारखा मिणमिणणारा पिवळा दिवा ज्यांनी पाहिला आहे त्यांस याचे विवेचन नको. चांगल्या एलईडी दिव्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल दाबातील असा चढउतार झेलून प्रकाश जवळजवळ स्थिर ठेवते. बचतीच्या आकडेवारीत न दिसणारा हा लाभ आहे. मात्र दिव्याचा दुबळा घटकही हेच मंडल होय. प्रकाश देणारा एलईडी घटक हजारो तास टिकतो, परंतु उष्णतेने किंवा दाबाच्या धक्क्याने मंडलातील स्वस्त भाग आधी निकामी होतात. वेष्टनावरील ‘२५,००० तास’ या दाव्याचा या भागांच्या दर्जाशी निकटचा संबंध आहे.

वेष्टनावरील चिन्हांचा अर्थ

एलईडी दिव्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६१०२ हे मानक आहे व त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सुरक्षिततेचा, म्हणजे विजेचा धक्का, आग, निरोधन यांविषयीचा. दुसरा कामगिरीचा, म्हणजे प्रकाश, कार्यक्षमता व आयुष्य यांविषयीचा. सक्तीच्या नोंदणीखाली पहिला भाग येतो. सबब मानकचिन्हाखालील ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिवा सुरक्षित असल्याचे सांगतो. तो किती दिवस टिकेल याविषयी तो क्रमांक काहीच सांगत नाही. शिवाय ही नोंदणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि उत्पादकाचे स्वयंघोषणापत्र यांवर मिळते. सर्वसामान्य ग्राहक या दोन्ही बाबतींत गफलत करतो आणि चिन्ह पाहून निश्चिंत होतो.

कामगिरीची हमी देण्याचे काम ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनाकडे आहे. एलईडी दिव्यांना ते १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचे झाले. येथे एक विसंगती दिसते. सर्वांत कमी वीज खाणाऱ्या दिव्यास आपली कार्यक्षमता तारांनी दाखवावी लागते, आणि सर्वांत उधळ्या तंतुदिव्यास असे कोणतेही लेबल नाही. दोन्ही दिवे एकाच फळीवर शेजारी ठेवलेले असताना तुलनेची खरी गरज जेथे आहे तेथेच माहिती अनुपस्थित आहे.

नियम कागदावर असणे आणि बाजारात असणे यांतील अंतरही मोठे होते. दिवा उत्पादकांच्या संघटनेसाठी नील्सन या संस्थेने २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, अहमदाबाद व हैदराबाद येथील २०० दुकानांची पाहणी केली. तीत एलईडी बल्बच्या ७६ टक्के नाममुद्रा ग्राहक सुरक्षेच्या निकषांत न बसणाऱ्या आढळल्या. पाहणी मोठ्या उत्पादकांच्या संघटनेने करविली होती हे ध्यानात ठेवूनही हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

सीएफएलमधील पाऱ्याचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भारताने २०१८ मध्ये मिनामाता कराराचे अनुसमर्थन केले आणि त्या करारातील २०२२ च्या निर्णयाने घरगुती वापराच्या सीएफएलचे उत्पादन व आयात-निर्यात थांबविण्यासाठी २०२५ ही मुदत ठरली. घरोघरी माळ्यावर पडलेले जुने सीएफएल कचऱ्याच्या गाडीत फुटू नयेत, एवढी दक्षता तरी ग्राहकाने घ्यावयास हवी.

शंभर रुपयांची तक्रार

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क नाही. कायद्याचे दार अशा रीतीने उघडे आहे, परंतु शंभर रुपयांच्या दिव्यासाठी तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्याचे एस. टी. चे भाडेच त्याहून अधिक होते. दोष एकाच्या दिव्यात नसून संपूर्ण नाममुद्रेत असतो, तेव्हा वैयक्तिक तक्रारीचा मार्ग अपुरा पडतो. याकरिता कलम ३५ मधील समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांच्या एकत्रित तक्रारीची तरतूद, तसेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास असलेला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागविण्याचा अधिकार अधिक उपयोगाचा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर नोंदविलेली तक्रार निःशुल्क असते. एकाच नाममुद्रेविषयी अशा नोंदी साचल्या तर प्राधिकरणास चौकशीस आधार मिळू शकतो.

यांपैकी प्रत्येक मार्गात एक अडसर सारखाच आढळतो, तो म्हणजे पावती. दिव्याची हमी दोन वा तीन वर्षांची असते, ती खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते आणि लहान दुकानात दिव्याची पावती ना कोणी मागत, ना कोणी देत. २०१९ च्या अधिनियमाने पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. काही दुकानदार पावतीऐवजी दिव्याच्या बुडाशी पेनाने तारीख घालून देतात. ग्राहकास हीच हमी वाटते. परंतु दुकान बंद झाले वा दुकानदाराने अक्षर ओळखण्यास नकार दिला, तर उत्पादकापुढे त्या तारखेचा पुरावा म्हणून टिकाव लागणे कठीण असते.