सुरी घेण्याआधी मासा ओळखा!

रविवार. रूमवर चौघांनी वर्गणी काढलीय. दीड किलोचा रोहू आणलाय आणि मोबाईलवर व्हिडिओ सुरू आहे. त्यातला शेफ लांब, लवचीक सुरी फिरवतो आणि दोन मिनिटांत माशाची बिनकाट्याची गुलाबी फित वेगळी होते. तुम्हीही तशीच सुरी ऑनलाइन मागवलेली. अर्ध्या तासानं तुमच्या ताटात काय आहे? माशाचा चिवडा! आणि पहिल्याच घासाला घशात काटा.

दोष सुरीचा नाही, राव. तुमचाही नाही. व्हिडिओतला मासा समुद्रातला होता, तुमचा तलावातला. खरी गोम तिथंच आहे.

केनवडसारख्या गावात वाढलेल्या आपल्या पोरांना मासा म्हणजे गोड्या पाण्यातलाच. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपल्या वाशिम जिल्ह्यात एकबुर्जी, अडाण, सोनल अशी धरणं, शिवाय गावोगावचे तलाव आणि पैनगंगा. त्यामुळे बाजारात दिसतात रोहू, कटला, मृगळ, सिप्रिनस. कधी मरळ, कधी तिलापिया. सुरी कोणती घ्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी समोरचा मासा कोणता, ते बघा.

काटा कुठं असतो?

रोहू, कटला, मृगळ, सिप्रिनस हे एकाच कुळातले. यांच्या मांसातच बारीक काटे रुतलेले असतात, बरेचसे इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दुफाटे. ते मधल्या कण्याला जोडलेले नसतात. म्हणून कण्यालगत कितीही सफाईनं सुरी फिरवली, तरी हे काटे मांसातच राहतात. बाजारातली मासेवाली मावशी रोहूचे आडवे, जाड तुकडे करून देते, ते उगाच नाही. आडव्या तुकड्यात काटा कुठं आहे ते दिसतं आणि खाताना बोटानं काढता येतो.

मरळीचं तसं नाही. तिच्या मांसात असे बारीक काटे जवळपास नसतातच. तिलापिया आणि पंगस (हॉटेलात 'बासा' म्हणून येतो, तो बहुतेकदा हाच) यांचीही फिलेट छान निघते. फिलेट शिकायची असेल तर यांच्यापासून सुरुवात करा. फक्त हिशोब आधीच लक्षात ठेवा. एक किलो तिलापियातून साधारण एक तृतीयांश वजनाचीच फिलेट मिळते. उरलेलं डोकं आणि हाडं फेकू नका, त्यांचा रस्सा करा. महिन्याचं बजेट आपलंच आहे!

मग सुरी कोणती?

फिलेटसाठी पातं अरुंद, पातळ आणि थोडं वाकणारं हवं. लांबी 15 ते 18 सेंटिमीटर पुरे. पातं वाकलं की ते हाडाला चिकटून सरकतं आणि मांस वाया जात नाही. मूठ मात्र नीट बघून घ्या. दुकानात कोरड्या हातात छान वाटणारी गुळगुळीत मूठ माशाच्या चिकट हातात सटकते. खरखरीत मूठ आणि बोट पुढे सरकू नये म्हणून पात्याजवळ उंचवटा असलेली सुरी चांगली.

रोहूचा कणा तोडायला मात्र ही सुरी अजिबात वापरू नका. पात्याचे दात पडतील, किंवा पातं वाकून हातावर येईल. त्यासाठी जड सत्तूर किंवा कोयता. घिसाडी लोहार गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता ठोकून देतात. ते पोलाद चिवट असतं, धारही चांगली धरतं. फक्त गंज पकडतं, म्हणून धुतल्यावर लगेच पुसायचं आणि तेलाचा हात द्यायचा. रूमवर कुणी पुसणार नसेल, तर स्टेनलेस स्टीलच घ्या. आपण आपल्याला ओळखतो ना!

आणि विळी? तिला जुनाट समजू नका. सुरीत मासा स्थिर आणि पातं फिरतं. विळीत पातं स्थिर, पायाखाली दाबलेलं, आणि मासा दोन्ही हातांत. निसरडा मासा दोन्ही हातांनी धरायला मिळणं ही मोठी सोय आहे. आडवे तुकडे विळीवर झटपट होतात. लांब, सपाट काप मात्र सुरीनंच सोपा.

हात कसा चालवायचा?

खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा, सुरीच्या बोथट पाठीनं. मासा ओला ठेवा, म्हणजे खवले घरभर उडत नाहीत.

पोट फाडताना सुरीचं फक्त टोक आत घाला, तेही वरवर. आत काळजाला लागून हिरवट पित्ताची पिशवी असते. ती फुटली की मासा कडू. आणि इथं एक गोष्ट गंभीरपणे वाचा. काही ठिकाणी दम्यासाठी, नजरेसाठी म्हणून रोहूचं पित्त कच्चं गिळतात. ते विषारी असतं. असं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. शिजवूनही ते विष जात नाही. घरात कुणी असा सल्ला देत असेल, तर तुम्हीच थांबवा.

फिलेटसाठी कल्ल्यामागं कण्यापर्यंत काप द्या. मग पातं आडवं करून कण्याला टेकवत शेपटीकडे न्या. हाडावरून पातं जाताना किरकिर ऐकू आली, तर तुम्ही बरोबर जागी आहात. बरगड्यांचे काटे नंतर वेगळे काढा. कातडी काढताना शेपटीकडचं टोक मिठाच्या बोटांनी घट्ट धरा, पातं जवळजवळ आडवं ठेवा आणि कातडी हळूहळू ओढा.

रोहूच खायचाय आणि काटे नकोत? मांसाच्या बाजूनं दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्या, कातडी न कापता. बारीक काट्यांचे तुकडे होतात आणि कडक तळले की ते कुरकुरीत होऊन जातात.

धार आणि बोटं

बोथट सुरी सुरक्षित वाटते, पण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. माझ्या डाव्या तर्जनीवरचा वण त्याचाच आहे. वहीचा कागद उभा धरून कापून बघा. फाटला तर धार लावायची वेळ झाली. पाणी लावून दगडावर, पातं 15 ते 20 अंशांत धरून, दोन्ही बाजू सारख्या घासा. पाटाखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे पाट सरकत नाही. बोट कापलंच तर साबणानं भरपूर धुवा. जखम खोल असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. माशाच्या पाण्यातले जंतू जखम चिघळवू शकतात.

शेवटी, एक प्रश्न

हॉटेल मॅनेजमेंटचा मुलगा सुरी चालवतो, तेव्हा आपण त्याला 'स्किल' म्हणतो. बाजारातली मावशी तेच काम बोलता बोलता, हाताकडे न बघता करते, तेव्हा नाक मुरडतो. आपल्याच वर्गातला भोई समाजाचा एखादा मित्र घरचं काम सांगायला का लाजतो, कधी विचार केलाय? त्याच विषयाची चार वर्षांची पदवी नागपूर आणि उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयांत मिळते. काम हलकं नाही, आपली नजर हलकी आहे.

पुढच्या बाजारात मासा घ्याल, तेव्हा लगेच मोबाईलमध्ये डोकं घालू नका. पाच मिनिटं मावशीच्या हातांकडे बघा. आणि विचारा, 'मावशी, हे कसं करता?' रोहू-कटल्याच्या बाबतीत व्हिडिओतल्या शेफपेक्षा तिला जास्त कळतं.