प्रकाशाचे उपस्वर आणि रेणूचे अंतरंग

ज्या नाशकात पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपला रामनाम आधार आश्रम स्थापिला, तेथील श्रोत्यांना तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार निराळा समजावून सांगावयास नको. खर्जाची तार षड्जातच मिळविलेली असते. परंतु जवारी नीट लागली म्हणजे त्याच तारेतून गंधारही उमटतो. तो कोणी छेडलेला नसतो. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर होय. प्रकाशालाही असेच उपस्वर असतात, आणि मनुष्याने निर्माण केलेले अत्यंत अल्पायुषी प्रकाशस्पंद त्यांच्यापासूनच जन्मास येतात.

इतका अल्पायुषी प्रकाश हवा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. धावत्या चाकाचे आरे छायाचित्रात स्पष्ट यावयाचे, तर कॅमेऱ्याची झडप क्षणमात्रच उघडावी लागते. झाडाच्या पानात सूर्यप्रकाश शोषला जातो तेव्हा रेणूमध्ये प्रथम हालतो तो इलेक्ट्रॉन. त्याची गती विलक्षण असते. एका सेकंदाचे एक अब्ज भाग करावे, त्यातील एका भागाचे पुन्हा एक अब्ज भाग करावे, म्हणजे एक अॅटोसेकंद होतो. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनला एका प्रदक्षिणेस सुमारे दीडशे अॅटोसेकंद लागतात, असे साध्या गणिताने निघते. उलटपक्षी, प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या अवरक्त लेसर-प्रकाशाची एक लाट पुरी होण्यासच सुमारे 2,700 अॅटोसेकंद जातात. एका लाटेहून फारसा आखूड स्पंद त्या प्रकाशातून मिळणे शक्य नाही. यास्तव उंच कंपनसंख्येच्या प्रकाशाचा आश्रय करावा लागतो.

1987 साली फ्रान्समध्ये आन लुइलिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त लेसर-किरण आरगॉन वायूतून नेला, तेव्हा मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे अनेक विषम उपस्वर त्यांना आढळले. आश्चर्य हे, की काही उपस्वरांनंतर त्यांचे बळ घटत न जाता बरेच अंतर जवळजवळ सारखे राहिले. याचा सुबोध उलगडा 1993 साली कॅनडातील पॉल कॉर्कम यांनी केला. लेसरचे विद्युत्क्षेत्र प्रथम इलेक्ट्रॉनला अणूपासून ओढून काढते. अर्ध्या लाटेनंतर क्षेत्राची दिशा फिरते आणि तोच इलेक्ट्रॉन वेगाने माघारी येऊन आपल्या मूळ स्थानी आदळतो. वाटेत मिळविलेली शक्ती तो प्रकाशाच्या एका झोतात टाकून देतो. हे सर्व उपस्वर एका लयीत मिळाले म्हणजे अॅटोसेकंदांचा स्पंद तयार होतो. हा अतिनील प्रकाश हवेत शोषला जात असल्यामुळे प्रयोग निर्वात नळकांड्यात करावा लागतो. 2001 साली पिएर आगोस्तिनी यांनी 250 अॅटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका, तर फेरेंट्स क्राउस यांनी 650 अॅटोसेकंदांचा एकटा स्पंद मिळविला. या दोघांस व लुइलिए यांस 2023 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वायू अणूंचा असो की रेणूंचा, उपस्वर निघतातच. तथापि रेणूंच्या बाबतीत एक विशेष आहे. आरगॉनचा अणू सर्व बाजूंनी सारखा. नायट्रोजनचा रेणू मात्र दोन अणूंचा, लांबट. माघारी आलेल्या इलेक्ट्रॉनला तेथे एकाऐवजी दोन केंद्रे भेटतात. दोहोंपासून निघालेले तरंग कोठे एकमेकांस पुष्टी देतात, कोठे एकमेकांस मारतात, आणि काही उपस्वर क्षीण होतात. कोणता क्षीण झाला, यावरून दोन अणूंमधील अंतराचा अंदाज बांधता येतो. जाणकाराने नुसत्या नादावरून तंबोऱ्याची पारख करावी, तसाच हा प्रकार. 2004 साली ओटावा येथील संशोधकांनी सौम्य लेसर-स्पंदाने नायट्रोजनचे रेणू एका दिशेस लावून घेतले आणि त्यांच्या उपस्वरांवरून बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या वावराचे चित्र रेखाटले.

तीव्र लेसर-क्षेत्रात सापडलेल्या रेणूंचे काय होते, हा विषय महाराष्ट्रासही नवा नाही. 1945 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथे मुख्य अडचण लक्षात येते. एकावर चौदा शून्ये इतके वॅट एका चौरस सेंटीमीटरवर पडतील, तेव्हाच हे उपस्वर निघतात. आणि एवढ्या माऱ्यात रेणूचे बंध ताणले जातात, प्रसंगी तुटतात. ज्या रेणूची हकीकत विचारावयाची, त्यालाच प्रथम जखम करावी लागते. म्हणून मिळालेल्या उत्तरात रेणूचा मूळ स्वभाव किती आणि लेसरच्या आघाताचा परिणाम किती, हे वेगळे काढणे, हेच संशोधकाचे खरे काम होय. तेवढे साधले, तर रासायनिक बंध जुळताना व तुटताना इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने हालतात, हे अनुमानावर न सोडता प्रत्यक्ष मोजता येईल.