घरातील मालसाठा आणि थेट विक्रीचा हिशेब

श्रावण जवळ आला की कासार गावात येत असे. कोणत्या घरी नवी सून आली आहे, कोणाची लेक पंचमीला माहेरी यावयाची आहे, कोणाच्या हाताला किती मापाची बांगडी बसते, हे सारे त्याला मुखोद्गत असे. म्हणून त्याच्या ओझ्यात जो माल असे, तो बहुधा खपणाराच असे. न खपलेला माल पुन्हा आपल्याच खांद्यावरून परत न्यावा लागतो, हे त्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीणही याच शहाणपणाने आपली पाटी भरीत असे. घरोघर जाऊन वस्तू विकण्याचा व्यवहार आपल्या समाजाला नवा नाही. नवे आहे ते त्याचे आजचे स्वरूप.

भारतात १९९० नंतरच्या दशकात ‘थेट विक्री’ करणाऱ्या अनेक कंपन्यांनी आपले काम सुरू केले. साबण, प्रसाधने, स्वयंपाकघरातील डबे, पौष्टिक आहाराची चूर्णे अशा वस्तू या कंपन्या दुकानांऐवजी व्यक्तींमार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचवितात. विक्री करणारी व्यक्ती कंपनीची नोकर नसते. ती छापील किंमतीपेक्षा कमी दराने माल घेते, छापील किंमतीला विकते आणि मधला फरक तिला राहतो. तिने या कामात जोडलेल्या इतर व्यक्तींच्या विक्रीवरही तिला काही लाभ मिळतो. शहरांपुरता असलेला हा व्यवहार आज तालुक्याच्या गावांत आणि खेड्यांतही पोहोचला आहे. गृहिणी, निवृत्त कर्मचारी, बचत गटांच्या सभासद अशा अनेकांनी तो पत्करला आहे.

काही काळापूर्वी बचत गटांच्या एका मेळाव्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक एका तालुक्याच्या गावी गेला होता. तेथे एका भगिनीने आपल्या घरातील दिवाणाची फळी उचलून दाखविली. आत अंथरुणे नव्हती; मलमांच्या नळ्या, भुकटीचे डबे आणि साबणाच्या वड्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच वस्तूंची वापराची मुदत संपून गेली होती. हा माल गटाच्या कर्जातून घेतलेला होता. त्या भगिनीचा प्रश्न साधा होता : “विक्री तर दर महिन्याला होत होती, मग पैसे गेले कुठे?”

या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

नफा शेवटच्या दोन नगांत

समजा, एका वस्तूची छापील किंमत १०० रुपये आहे आणि विक्रेतीला ती ८० रुपयांस मिळते. तिने दहा नग घेतले. गुंतवणूक ८०० रुपयांची झाली. शेकडा २० सूट मिळाली, म्हणजे प्रत्येक नगामागे २० रुपये सुटले, असे तिला वाटते. कागदावर ते खरेही आहे. परंतु हाती येणाऱ्या रोकडीचा हिशेब वेगळा आहे. पहिले आठ नग विकले जातात तेव्हा ८०० रुपये परत येतात. म्हणजे केवळ घातलेले भांडवल सुटते. नफा असतो तो नवव्या आणि दहाव्या नगात. हे दोन नग दिवाणात राहिले, तर आठ घरी केलेल्या खेपा, दाखविलेली प्रात्यक्षिके, दूरध्वनी आणि प्रवासाचा खर्च या साऱ्यांचा मोबदला शून्य होतो. तीन नग राहिले, तर पदरचे १०० रुपये जातात.

त्यात भांडवल कर्जाऊ असेल तर भर पडते. ८,००० रुपयांचा माल दरमहा शेकडा २ व्याजाने कर्ज काढून घेतला, तर महिन्याचे व्याज १६० रुपये होते. हा माल खपण्यास तीन महिने लागले आणि कर्जही तोवर फिटले नाही, तर व्याजापोटी ४८० रुपये द्यावे लागतील. सर्व माल खपला तरी नफा २,००० रुपयांचाच होता. त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा असा गेला. घरातील साठा म्हणजे थांबलेला पैसा होय, आणि थांबलेल्या पैशावरही व्याज चालूच राहते.

साठा वाढतो कसा?

ग्राहकांनी मागणी केली म्हणून साठा वाढला, असे क्वचितच घडते. बहुधा तो महिन्याच्या अखेरीस वाढतो. अनेक योजनांमध्ये खरेदीचे टप्पे ठरलेले असतात. अमुक रकमेची खरेदी झाली की वरच्या टप्प्याचा लाभ मिळतो. समजा, महिन्याची खरी मागणी छापील किंमतीने ७,००० रुपयांची आहे आणि टप्पा १०,००० रुपयांचा आहे. टप्पा गाठल्यास ५०० रुपये अधिक मिळणार आहेत. ते मिळावेत म्हणून विक्रेती ३,००० रुपये छापील किंमतीचा जादा माल २,४०० रुपयांस घेते. त्यातील निम्मा खपला, तर हाती १,५०० रुपये येतात. वरचे ५०० मिळून २,००० होतात. म्हणजे लाभ मिळवूनही ४०० रुपयांची तूट आली. उरलेला माल पुढे खपला तरच ती भरून निघेल.

याहून मोठी अडचण पुढील महिन्यात येते. घरात माल शिल्लक असल्याने काही ग्राहकांची मागणी त्यातूनच भागते. कंपनीकडून नव्याने मागवावयाचा माल तेवढा कमी होतो. तरीही टप्पा मात्र तोच असतो. तो गाठण्यासाठी पुन्हा जादा खरेदी करावी लागते आणि साठ्यावर साठा चढत जातो. आपल्याला या कामात आणणारी व्यक्ती अनेकदा नात्यातील किंवा ओळखीची असते. तिचा लाभही आपल्या खरेदीवर अवलंबून असतो. त्यामुळे तिच्या आग्रहाला नकार देणे जड जाते. ज्या खरेदीमागे ग्राहकाचे नाव नाही, ती विक्रीची तयारी नव्हे. ते केवळ ओझे होय.

साठा मुळीच नको काय?

याचा अर्थ घरी एकही वस्तू ठेवू नये, असा नाही. अंघोळीचा साबण संपलेली गृहिणी आठ दिवस थांबत नाही. ती समोरच्या वाण्याकडून दुसरा घेते. वाडीवस्तीवर माल पोहोचण्यास वेळ लागतो. थोडा थोडा माल मागविल्यास दर वेळी वाहतुकीचा खर्च पडतो. काही वस्तू हाताळून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही. तेव्हा साठा हवा. पण तो मोजका हवा.

यासाठी वस्तूंचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग नित्य खपाचा : साबण, दंतमंजन, कपडे धुण्याची पूड. यांचा थोडा साठा घरी असावा. दुसरा वर्ग प्रसंगाने खपणाऱ्या वस्तूंचा. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणासाठी लहान डब्यांना मागणी असते. दिवाळी आणि लग्नसराईत भेटवस्तूंना असते. हा माल आधी घरोघरची संख्या विचारून, शक्य तर थोडी आगाऊ रक्कम घेऊनच मागवावा. रथसप्तमी उलटली की उरलेल्या डब्यांना पुढच्या संक्रांतीची वाट पाहावी लागते. तिसरा वर्ग महागड्या किंवा एखाद्यालाच लागणाऱ्या वस्तूंचा. त्यांचा दाखविण्यापुरता एक नमुना पुरे. बाकी माल मागणी नोंदविल्यावरच आणावा.

नित्य खपाची वस्तू केव्हा मागवावी, यासाठी सोपा हिशेब आहे. एखादा साबण महिन्याला १२ नग खपतो आणि माल येण्यास १० दिवस लागतात असे धरू. दहा दिवसांत ४ नग लागतील. अचानक मागणीसाठी आणखी २ धरावेत. म्हणजे घरात ६ नग उरले की नवीन मागणी पाठवावी, त्याआधी नाही. जेथे माल दोन-तीन दिवसांत घरपोच येतो, तेथे याहूनही कमी साठा पुरतो.

वही आणि कपाट

दिवाण उघडून दाखविणाऱ्या भगिनीकडे कसलीही नोंदवही नव्हती. शंभर पानी वहीत तारीख, वस्तू, आवक, जावक, शिल्लक, वापराची अंतिम मुदत आणि येणे रक्कम असे सात रकाने आखले तरी काम भागते. घरी वापरण्यासाठी घेतलेली वस्तूही जावकेत लिहावी आणि तिची किंमत घरखर्चाच्या पैशांतून विक्रीच्या डब्यात टाकावी. नमुना म्हणून फोडलेली वस्तू हा धंद्याचा खर्च होय. ती शिल्लक मालात धरू नये. उधारीवर दिलेला माल हा देखील साठाच आहे; फक्त तो दुसऱ्याच्या घरी आहे. वर्षाअखेर शिल्लक माल मोजताना तो छापील किंमतीने धरू नये. खरेदीची किंमत किंवा आज प्रत्यक्षात येऊ शकेल ती रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरावी, हा हिशेबशास्त्राचा मान्य संकेत आहे. मुदत संपलेल्या मालाची किंमत शून्य होय.

मालाची मांडणीही महत्त्वाची आहे. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे, नवा माल मागे, असा क्रम असावा. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मलमे आणि ओठांना लावण्याचे रंग वितळतात. कोकणातील पावसाळ्यात भुकटी ओल धरते. खाद्यपदार्थ आणि सुवासिक साबण एका कपाटात ठेवू नयेत. मुदतबाह्य वस्तू कमी किंमतीतही कोणास देऊ नये. त्यात ग्राहकाच्या आरोग्यास धोका असतो आणि विक्रेतीची पतही जाते.

कायद्याचे संरक्षण

विक्रेत्याच्या गळ्यात माल मारण्याचा प्रश्न केवळ आपल्याकडीलच नाही. अमेरिकेत तेथील संघीय व्यापार आयोगाने १९७९ मध्ये ॲम्वे कंपनीच्या प्रकरणात निर्णय दिला. किंमती ठरवून देणे आणि उत्पन्नाचे फुगविलेले दावे करणे याबद्दल आयोगाने कंपनीला दोषी धरले. परंतु तिची योजना बेकायदा साखळी ठरविली नाही. त्यामागे कंपनीच्या तीन नियमांचा विचार होता : सोडून जाणाऱ्या विक्रेत्याचा विक्रीयोग्य माल परत घेणे, घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकला गेल्याशिवाय लाभांश न देणे आणि महिन्यात किमान दहा ग्राहकांना किरकोळ विक्री झालेली असणे. माल ग्राहकापर्यंत पोहोचतो की विक्रेत्याच्याच घरात साठतो, ही कसोटी तेव्हापासून महत्त्वाची मानली जाते.

आपल्या देशात बक्षीस चिठ्ठी व पैसा फिरविण्याच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये थेट विक्रीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ग्राहकांना विकला जाईल किंवा वापरला जाईल, अशी अपेक्षा करता येईल त्याहून अधिक माल सहभागी व्यक्तीस घ्यावयास लावू नये, असे त्यांत स्पष्ट केले होते. पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम अंमलात आले. या नियमांनुसार थेट विक्रीच्या नावाखाली साखळी योजना चालविण्यास मनाई आहे. कंपनी आणि विक्रेता यांच्यात लेखी करार असावा लागतो. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय व आधी वेळ ठरविल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही बंधन आहे.

तेव्हा या कामात पडण्यापूर्वी करार वाचून तीन गोष्टी पाहाव्यात : न खपलेला माल कंपनी परत घेते काय, किती दिवसांत घेते, आणि वेष्टन फोडलेले नसण्यासारख्या कोणत्या अटी आहेत. माल परत घेण्याची मुदत वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

आपण काय करू शकतो?

घरबसल्या काम देण्याच्या योजनांचा विचार करताना एक प्रश्न प्रथम विचारावा : न खपलेल्या मालाचा धोका कोणाच्या डोक्यावर आहे? १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगात लाटणाऱ्या भगिनीस लाटण्याची मजुरी मिळते. पापड विकण्याचा भार संस्था वाहते. थेट विक्रीत हा भार बहुतांशी विक्रेतीवर असतो. म्हणून ती वाईट ठरत नाही. मात्र तिच्यात अधिक सावधपणा लागतो.

बचत गटाने अशा मालासाठी कर्ज मंजूर करताना मागणी नोंदविलेल्या ग्राहकांची यादी आणि शिल्लक मालाची वही पाहावी. ग्रामसभेत किंवा महिला मेळाव्यात नव्या योजनेची माहिती देणाऱ्यास माल परत घेण्याची अट सर्वांसमोर विचारावी. शासकीय कर्मचाऱ्यांच्या खाजगी व्यापारावर वर्तणूक नियमांचे निर्बंध आहेत, हे आपणांस विदित आहेच. त्यापलीकडे, शिक्षकाने पालकांस किंवा अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसास माल घेण्याचा आग्रह केल्यास तो आग्रह राहत नाही. ती सक्ती होते.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवाणातच होते. तिचे पैसे कोणी चोरून नेले नव्हते. ते नवव्या आणि दहाव्या नगाच्या रूपाने तेथे पडून होते. मेळाव्यानंतर गटाच्या सचिव भगिनीने तिच्यासोबत बसून सारा माल मोजला, मुदत असलेला आणि नसलेला असे दोन ढीग केले आणि एका कोऱ्या वहीत पहिली नोंद लिहिली. नवा माल मागविण्यापूर्वी प्रत्येक विक्रेतीने आपल्या कपाटाचा असा हिशेब एकदा मांडला, तर पुष्कळ घरांतील कष्टाचा पैसा वाचेल.