चौकट : ओझरचे छोटे विमान

डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने ‘उडान’ योजनेखाली नाशिकला मुंबई-पुण्याशी जोडले, ते बीचक्राफ्ट १९००डी या दोन टर्बोप्रॉप (पंख्याच्या) इंजिनांच्या, फार तर १९ आसनांच्या विमानाने. नाशिकच्या ओझर विमानतळाची धावपट्टी सुमारे तीन किलोमीटरची. शेजारच्या एचएएलच्या कारखान्यात सुखोई लढाऊ विमाने तयार झालेली. म्हणजे छोटे विमान आले ते धावपट्टी तोकडी म्हणून नव्हे, प्रवासी थोडे म्हणून. सेवा रखडतच चालली आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीचेही काम थांबले. त्यावरून पंख्याची विमाने नाशिकला परवडत नाहीत असे म्हणणे घाईचे ठरेल. मोजकीच विमाने असली, की एक दुरुस्तीला गेले तरी फेऱ्या कोलमडतात. शिवाय दोन वैमानिकांचा आणि इंधनाचा खर्च १९ तिकिटांतून निघणे अवघडच. मुंबई तर रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, मग विमानाने वेळ तो काय वाचणार? आक्षेप रास्त आहे, पण तो मार्गावरचा आहे, विमानावरचा नाही. २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून गोवा, अहमदाबाद आणि नागपूर हे लांबचे मार्ग निवडले. त्यासाठी आणलेले ७८ आसनी एटीआर ७२ हेही टर्बोप्रॉपच.